शरदाचे पाणी आणि गळाचे आमिष

शरदात नदी निवळली की गळाला काय लावायचे हा प्रश्न अवघड होतो. पावसाळ्यात तो एवढा अवघड नसतो. काळ्या मातीने गढूळ झालेल्या पाण्यात माशाला डोळ्यांचा उपयोग थोडा. तो वासावर आणि पाण्याच्या थरथरीवर अन्न शोधतो, आणि गांडूळ लावले की बहुतेक वेळा भागते. आश्विनात पाऊस थांबतो, ओढ्यांनी आणलेला गाळ तळाशी बसतो, डोहातले दगड वरून दिसू लागतात. अगस्तीचा तारा उगवला की पाणी निर्मळ होते, असे जुने संस्कृत कवी मानत आले. ताऱ्याचा उदय आणि पावसाचा उतार मागेपुढे येतात, एवढे त्यात खरे आहे. अशा पाण्यात मासा पाहतो, थांबतो, पारखतो. काठावर बसणाऱ्यालाही मग पारख शिकावी लागते.

हिंगोली जिल्ह्यात ही पारख तीन वेगवेगळ्या पाण्यांवर होते. उत्तरेच्या सीमेवरून पैनगंगा वाहते, दक्षिणेकडून पूर्णा जाते, आणि मधून कयाधू. प्रल्हादाच्या आईचे नाव लाभलेली कयाधू वाशीम जिल्ह्यात उगम पावते, सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांतून वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. संत नामदेवांचे नर्सी गाव तिच्याच काठी आहे. कयाधू पावसावर जगणारी नदी आहे. शरदात तिची धार बारीक होत जाते आणि मासा डोहाडोहांत एकवटतो. पूर्णेवर येलदरी आणि तिच्या खालच्या अंगाला सिद्धेश्वर ही १९६८ मध्ये पूर्ण झालेली धरणे आहेत. पैनगंगेवरचे इसापूर धरण १९८२ चे. डोहाचे पाणी, वाहती धार आणि धरणाचा अथांग फुगवटा या तिन्ही ठिकाणी मासा वेगळा वागतो. म्हणून एकाच आठवड्यात एकच आमिष एका जागी चालते आणि दुसऱ्या जागी तासन् तास तसेच लोंबकळत राहते.

‘आमिष’ हा शब्दही थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. सामिष आणि निरामिष ही जेवणाची नावे त्याच शब्दावरून आली. मराठीत त्याचा अर्थ सरकत सरकत लोभ दाखवण्याच्या साधनापर्यंत पोचला, आणि ‘गळाला लागला’ हे माणसांबद्दलही म्हटले जाऊ लागले. नदीकाठी मात्र शब्दाचा मूळ अर्थ आणि आजचा वापर यांची रोज गाठ पडते. गांडूळ, झिंगा, नाकतोडा हे सामिष आमिष, तर कणकेची गोळी, भिजवलेला हरभरा, शिजवलेला मका हे निरामिष आमिष. कोणत्या माशाला कोणते, हा या विद्येचा पहिला धडा.

या विद्येचे फार जुने लेखन मराठवाड्याच्या शेजारीच झाले. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचे दुसरे नाव. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. राजाने करावयाच्या विनोदांमध्ये, म्हणजे मन रमवण्याच्या उद्योगांमध्ये, या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हा स्वतंत्र भाग आहे. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातील सुमारे ३५ जातींच्या माशांचा त्यात विचार आहे. कोणता मासा कुठे राहतो, कोणाला खवले आहेत आणि कोणाला नाहीत, कोणाला काय खायला घालावे, हे त्यात क्रमाने येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला या भागाचा अभ्यास करून तो आधुनिक वाचकांसमोर आणला. मासा कुठे राहतो आणि काय खातो हे आधी आणि गळ त्यानंतर, हा त्या ग्रंथाचा क्रम नऊशे वर्षांनीही बदलण्याचे कारण नाही.

थंड देशांत हीच विद्या वेगळ्या वाटेने वाढली. तिथल्या ट्राउट माशाचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यात वाढणारे आणि पाण्यावर पडणारे कीटक. हे कीटक इतके नाजूक असतात की गळाच्या आकड्यावर टिकत नाहीत. म्हणून लोकर, रेशीम आणि पिसे आकड्याला बांधून खोटी माशी तयार करण्याची कला जन्माला आली. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी एलिअन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांचे वर्णन केले आहे. ते आकड्याला लाल लोकर गुंडाळत आणि कोंबड्याची दोन पिसे बांधत, कारण त्या नदीचे मासे एका विशिष्ट माशीवर झेप घेत. ट्राउटसाठी माशी निवडण्याचे सूत्र तेव्हापासून तेच आहे. त्या दिवशी, त्या पाण्यावर जो कीटक पडत असेल त्याच्या आकाराची आणि रंगाची माशी बांधावी. शरदात तिकडच्या कुरणांतून लांब पायांची, मोठ्या डासासारखी दिसणारी क्रेन फ्लाय वाऱ्याने पाण्यात पडते. तिचीच नक्कल त्या दिवसांत सर्वांत उपयोगी ठरते.

सॅमन माशाची गोष्ट निराळी आहे. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत परततो. नदीत शिरल्यावर तो अन्न घेणे थांबवतो आणि त्याचे जठर आक्रसते. तरीही तो गळाला लागतो. रागाने, जागेच्या हक्काने, की समुद्रातल्या जुन्या सवयीने, यावर जाणकारांत आजही वाद आहे. पण भुकेने नव्हे, यावर एकमत आहे. म्हणून सॅमनची माशी कोणत्याही खऱ्या कीटकासारखी नसते. ती भडक असते आणि डिवचण्यासाठी बांधलेली असते. शरदात नद्या भरतात आणि गळलेल्या पानांनी पाणी तांबूस होते, तेव्हा नारिंगी, तांबड्या, तांब्याच्या झळाळीच्या मोठ्या आणि जड माशा वापरतात. भुकेला हाक देणारे आमिष आणि रागाला हाक देणारे आमिष, हे दोन मूळ प्रकार ट्राउट आणि सॅमन यांच्यामुळे स्पष्ट वेगळे दिसतात. पुढे हिंगोलीच्या पाण्यातही ते दोन्ही भेटतात.

या भडक माशांमध्ये दख्खनचा एक धागा गुंफलेला आहे. सह्याद्रीत आणि सातपुड्यात राहणाऱ्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे चकचकीत, पिवळसर-पांढरे ठिपके असतात. ‘जॉक स्कॉट’सारख्या प्रसिद्ध सॅमन-माशांच्या दोन्ही बाजूंना हे पीस डोळ्यासारखे बसवले जाई. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी भारतातून ही पिसे मोठ्या प्रमाणावर परदेशी गेली आणि स्कॉटलंडमधल्या माशाला डिवचण्यासाठी इथल्या जंगलातला पक्षी मारला गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण मिळाले, आणि आता तिकडे लागणारी पिसे पाळलेल्या रानकोंबड्यांपासून मिळवतात. आमिषाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न त्या ठिपक्यांमधून आजही पाहत राहतो.

मराठवाड्याच्या उन्हात ट्राउट जगत नाही. त्याला २० अंश सेल्सिअसच्या आतले, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. भारतात तो काश्मीर आणि निलगिरीसारख्या थंड डोंगरी भागांत आणून सोडला गेला. दख्खनच्या नद्यांना त्यांचे स्वतःचे मासे आहेत आणि त्यांची मराठी नावे विज्ञानातही टिकली आहेत. मुंबई सरकारच्या नोकरीत राहिलेल्या कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा कोळ्यांच्या तोंडची नावेच त्यांनी लॅटिन नावांत घातली. कोळस, शिंगटी, नुक्ता आणि महाशीरचे खुद्री ही नावे त्यामुळे जगभरच्या ग्रंथांत गेली. त्यांच्या जोडीला धरणांत सोडलेले मासे आले. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. मत्स्यबीज केंद्रांतून त्यांची बोटुकली जलाशयांत सोडली जातात आणि तिथेच ती वाढतात.

आमिष निवडताना आधी ऋतूकडे पाहावे. शरदात हिंगोलीच्या शिवारात सोयाबीनची काढणी असते. रान कापले जाऊ लागले की त्यात दडलेले नाकतोडे उठतात आणि वाऱ्याबरोबर ओढ्यात, नदीच्या कडेला पाण्यावर पडतात. थंड देशातल्या क्रेन फ्लायचे काम इथे नाकतोडा करतो. काढणीच्या पंधरा दिवसांत काठाजवळच्या पाण्यात नाकतोड्याइतके चोख आमिष दुसरे नाही, कारण मासा त्या दिवसांत तेच खात असतो. आकडा छातीच्या जाड भागातून काढावा, शिसे लावू नये आणि नाकतोडा पाण्यावर आपोआप वाहू द्यावा. अळकुटीसारखे वरच्या थरातले छोटे मासे त्याला आधी टोचून पाहतात, मोठा मासा मागून येतो. काठावर उंबर असेल तर पिकलेले उंबर फळही चालते. फळ पडल्याचा ‘डुबुक’ असा आवाज ओळखीचा झालेला मासा त्या आवाजाकडे वळतो. उलट, सुगी संपून शिवार मोकळे झाल्यावर नाकतोडा लावून बसणे म्हणजे ऋतू उलटल्यावर त्याचे फळ मागणे.

त्यानंतर माशाचे तोंड पाहावे. तोंडाची ठेवण म्हणजे त्याच्या जेवणाची जागा. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले असते. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव पाण्यासकट गाळून खातो. त्याच्यासाठी मोठा घट्ट गोळा उपयोगाचा नाही. शेंगदाण्याची ढेप आणि तांदळाचा कोंडा मिसळून केलेला, पाण्यात हळूहळू विरघळत धुरासारखा पसरणारा हलका गोळा तरंगीखाली वरच्या पाण्यातच ठेवावा. रोहूचे ओठ जाड आणि झालरीसारखे असतात. तो मधल्या थरात फिरतो आणि दगडांवरचे शेवाळ, वनस्पतींचे कुजके भाग खातो. कणीक, बेसन आणि ढेप यांची मऊ गोळी त्याला चालते. मृगळ तळाचा मासा आहे. त्याची गोळी शिशाने तळापर्यंत न्यावी लागते. या तिघांच्या जबड्यात दात नसतात. ते घशातल्या दातांनी अन्न दळतात, म्हणून ते आमिष आधी ओढून घेतात, चाचपतात आणि संशय आला तर लगेच सोडतात. त्यांच्यासाठी गोळी मऊ आणि आकडा लहान असावा. कणकेत हळद, बडीशेप किंवा हिंग घालण्याची पद्धत ठिकठिकाणी आहे. हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या वसमतच्या जिल्ह्यात ही पिवळी गोळी आपल्या मातीतलीच वाटते.

मिशा असलेल्या माशांचे शास्त्र वेगळे. शिंगटी आणि शिंगाळा यांच्या मिशांवर चव ओळखणारी इंद्रिये असतात. अंधारात, गढूळ तळाशी ते मिशांनी चाचपत अन्न शोधतात. त्यांना रंग नको, वास हवा. गांडूळ, झिंग्याचा सोललेला तुकडा, कोंबडीचे आतडे यांवर ते येतात, तेही सूर्य मावळल्यावर. वांब सापासारखी लांब, दगडांच्या फटींत राहणारी आणि रात्री बाहेर पडणारी असते. तिला आख्खे गांडूळ लागते. आकड्यावर ते सैल, वळवळते ठेवावे, कारण फटीतून बाहेर येण्याचे कारण तिला त्या हालचालीतच दिसते. शिवडा हा मोठ्या जबड्याचा शिकारी. तो छोटे मासे खातो, म्हणून त्याच्यासाठी मेलेला छोटा मासा किंवा पाण्यात चमकणारा धातूचा चमचा वापरतात. चमच्याची चमक पळणाऱ्या माशाच्या कुशीसारखी दिसते आणि नितळ पाण्यातच तिचा उपयोग होतो. म्हणून चमच्याचे खरे दिवस शरदातच सुरू होतात. चिलापी हा बाहेरून आलेला, काहीही खाणारा मासा आहे. बारीक गोळी असो की गांडूळ, तो पटकन लागतो, आणि नवशिक्याचा हात त्याच्यावरच बसतो.

मरळ या सगळ्यांपासून वेगळी ठेवावी लागते. ती हवेतला श्वास घेते, त्यासाठी ठराविक वेळाने वर येते आणि लव्हाळ्यांच्या कडेला दबा धरून बसते. बेडूक आणि छोटे मासे हे तिचे अन्न. वरवर उड्या मारत जाणाऱ्या रबरी बेडकावर ती पाणी फोडून झेपावते. पण तिला आणखी एका कारणाने गळाला लावता येते आणि त्या कारणापाशी सॅमनची आठवण येते. मरळीची जोडी पिल्लांची राखण करते. तांबूस पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात घोंघावत असतो आणि आईबाप त्याच्या खाली घिरट्या घालतात. थव्याजवळ काहीही पडले तरी ते त्यावर तुटून पडतात. ते भुकेने येत नाहीत. पावसाळ्यात, आणि उशिरा पाऊस झालेल्या वर्षी शरदाच्या सुरुवातीलाही, हे दृश्य दिसते. अशा वेळी आमिष निवडणे अगदी सोपे असते, आणि नेमक्या त्याच वेळी गळ टाकू नये. राखण करणारी जोडी पाण्याबाहेर गेली की तासाभरात थवा इतर माशांच्या पोटात जातो. आमिषाचे ज्ञान असणाऱ्याला हे दिसते, म्हणून गळ न टाकण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

आमिष ठरल्यावर ते कसे पोचवायचे हे पाण्यावर ठरते. नितळ पाण्यात जाड तंगूस माशाला दिसते, म्हणून शरदात बारीक तंगूस घ्यावी, आकडा लहान घ्यावा आणि तो आमिषात पूर्ण लपवावा. तरंगी हलकी असावी. मोरपिसाचा दांडा किंवा ज्वारीच्या वाळक्या धाटाचा तुकडा या कामाला पुरतो. जड तरंगीचा विरोध जाणवला की रोहू गोळी सोडतो. काठावर उभ्या माणसाची सावली पाण्यावर पडू देऊ नये आणि पावलांचा धक्का जमिनीला बसू देऊ नये. रोहू, कटला आणि शिंगाळा यांच्या कुळांत हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत हाडांची बारीक साखळी असते, त्यामुळे ते पाण्यातला आवाज फार चांगला ऐकतात. आश्विनातले ऊन कडक असते. दुपारी मासा खोल सावलीत उतरतो आणि गोळीही तितकीच खोल न्यावी लागते. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो काठाकडे येतो, तेव्हा हातभर पाणीही पुरते. एकाच जागी आधल्या संध्याकाळी ढेपेचा चारा टाकून ठेवला तर सकाळी मासा तिथे येण्याची सवय लावून घेतो. चारा थोडाच टाकावा, कारण पोट भरलेला मासा गळाकडे वळत नाही आणि साचलेला चारा कुजून डोहातला प्राणवायू कमी करतो.

गळ टाकण्याला हक्काचीही एक बाजू आहे. नदीकाठी भोई समाजाचे पिढ्यान् पिढ्यांचे पोट या पाण्यावर चालते. धरणे आणि तलाव यांवरची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते आणि सोडलेल्या बोटुकलींचा खर्च त्यांनी उचललेला असतो. तिथे परवानगीशिवाय गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या रानातले पीक उचलणे. अंगठ्याएवढा मासा लागला तर हात ओला करून, आकडा सोडवून तो परत सोडावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा नंतर रोगाने मरतो. आकड्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकला तर सोडवणे सोपे जाते. तुटलेली तंगूस काठावर टाकू नये, कारण बगळ्यांचे आणि पाणकावळ्यांचे पाय तिच्यात अडकतात.

कार्तिक सरून मार्गशीर्षाची थंडी सुरू झाली की पाणी गार होते, माशाचे पचन मंदावते आणि त्याचे खाणे कमी होते. तेव्हा गोळी आणखी लहान करावी, दुपारच्या उबेची वाट पाहावी आणि काठी थोडाच वेळ धरावी. रब्बीसाठी धरणांतून पाणी सुटू लागते, कयाधूच्या डोहांमधली धार तुटते, आणि उरलेल्या डोहात सगळा मासा दाटीने राहतो. त्याला तिथे पकडणे सोपे असते. पण पुढच्या आषाढात नदी भरेल तेव्हा अंडी घालायला जो मासा लागणार, तो याच डोहात तग धरून राहिलेला असतो. म्हणून डोह तुटले की गळ गुंडाळून ठेवावा. शरदाचा हंगाम तिथे संपतो.